दोष दिसतो, गुण पाहावा लागतो
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



 आम्ही कोणी विद्वान नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून सारी हयात शाळेत मुले शिकविण्यात घालविलेले आम्ही एक सामान्य शिक्षक. तेव्हा गहन तत्त्वज्ञानाची अपेक्षा आमच्याकडून कोणी करू नये. परंतु एक प्रश्न पुष्कळ दिवस आमच्या मनात घोळत आहे, आणि तो आपणां सर्वांच्या घरांशी निगडित असल्यामुळे आज येथे मांडावा असे वाटते. दुसऱ्याचा दोष आपल्या नजरेस चटकन येतो, आणि गुण मात्र डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही, असे का व्हावे?

आपल्या मराठी भाषेचीच गंमत पाहा. बारशाच्या दिवशी आपण मोठ्या कौतुकाने बाळाचे नाव ठेवतो, आणि तेच बाळ मोठे झाले की त्याला नावे ठेवू लागतो! पहिले नाव एकदाच ठेवले जाते. पुढच्या नावांना मात्र अंत नसतो.

याचे पहिले कारण असे की, गुण हा आपण गृहीत धरलेला असतो. पंगतीचे उदाहरण घ्या. आमटीत मीठ बेताचे पडले असेल, तर शंभर पाने जेवून उठली तरी मिठाचे नाव कोणाच्या तोंडी येत नाही. तेच मीठ आचारी विसरला, तर पहिल्या घासालाच साऱ्या पंगतीत कुजबुज सुरू होते. घरातील सुनेचे, कचेरीतील कारकुनाचे आणि मंडळाच्या खजिनदाराचे असेच आहे. त्यांचे काम बिनचूक चालले, तर ते काम आहे हेच आपल्या ध्यानात येत नाही.

दुसरे कारण मनुष्यस्वभावात खोल रुजलेले आहे. रानात राहणाऱ्या आदिमानवास झाडावरचे पिकलेले फळ एखादे दिवशी दिसले नाही, तरी तो दुसऱ्या दिवशी जगत असे. पण गवतातला साप दिसला नाही, तर त्याला दुसरा दिवसच उरत नसे. म्हणून वाइटाकडे आधी पाहण्याची सवय आपल्या मनास जडली, असे मानसशास्त्रज्ञ मानतात. डॅनियल काहनेमन व ॲमॉस ट्वर्स्की या दोघा पंडितांनी १९७९ साली असे दाखवून दिले की, लाभाच्या आनंदापेक्षा तेवढ्याच हानीचे दुःख माणसास अधिक जाणवते. शंभराची नोट सापडल्याचा आनंद संध्याकाळपर्यंत ओसरतो. हरवल्याची रुखरुख आठवडाभर टिकते. माणसांविषयीच्या आपल्या मतांचेही असेच होते. दहा उपकार पुसट होतात आणि एक अपमान कोरला जातो.

तिसरे कारण असे की, आपल्याला आपली परिस्थिती ठाऊक असते, दुसऱ्याची फक्त कृती दिसते. आपणांस सभेस उशीर झाला तर गाडी चुकलेली असते. दुसऱ्यास झाला तर तो बेशिस्त असतो. आणि चौथे कारण, जे उच्चारण्यास थोडे कटू आहे, ते असे की, दुसऱ्याला एक पायरी खाली उतरविले म्हणजे आपण एक पायरी वर चढल्याचा भास होतो. चढण्याचे श्रम मात्र पडत नाहीत.

आता कोणी म्हणेल, हा जर स्वभावच आहे, तर त्याला इलाज काय? बंधुभगिनींनो, दोष दिसणे हे आपल्या हाती नसेल, पण तो बोलणे खास आपल्या हाती आहे. आणि त्या बोलण्याची किंमत कोण देते, हे पाहिले पाहिजे.

आपल्या ज्ञातीत लग्न जमविताना चौकशी होते. पूर्वी ती ओटीवर बसून होई, आता भ्रमणध्वनीवरून होते, एवढाच फरक. मुलगी शिकलेली, कामसू, आजारी आजीची सेवा करणारी, परंतु विचारणाऱ्यास उत्तर मिळते, “सगळे ठीक आहे, जरा फटकळ आहे इतकेच.” या ‘इतकेच’मुळे मंडळी पुढे पाऊल टाकीत नाहीत. सांगणारा ते वाक्य दुसऱ्या दिवशी विसरतो; त्या घरात मात्र वर्ष फुकट जाते, आणि आपल्यात काय उणे आहे हे त्या मुलीस कधीच कळत नाही.

मंडळाच्या कार्याचेही तेच. एखादा तरुण रात्री जागून विद्यार्थ्यांच्या गुणगौरवाचा समारंभ उभा करतो. समारंभ पार पडल्यावर चर्चा होते ती निमंत्रणपत्रिकेत कोणाचे नाव राहिले याची. पुढील वर्षी तो तरुण येत नाही, आणि आपणच म्हणतो, “हल्लीच्या मुलांना समाजकार्याची आवड नाही!”

शाळेत तर हे रोजचेच. शिक्षकाच्या हाती तांबडी शाई असते, आणि ती चुकांभोवतीच फिरते. या संबंधात एलिझाबेथ हरलॉक या अमेरिकन विदुषीने १९२५ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. तिने मुलांचे गट पाडून त्यांना काही दिवस बेरजेची उदाहरणे घातली. एका गटाची सर्वांदेखत स्तुती केली, दुसऱ्याची कानउघाडणी केली, तिसऱ्याकडे लक्षच दिले नाही. रागे भरलेल्या मुलांनी प्रथम नेट लावला, पण पुढे ती मागे पडली. स्तुती झालेली मुले शेवटपर्यंत चढत गेली. दुर्लक्षित मुलांची प्रगती तर या दोन्ही गटांपेक्षा कमी झाली. टोचून बोलल्याने मुले सुधारतात असे मानणाऱ्या पालकांनी याचा विचार करावा.

येथे एक इशारा दिलाच पाहिजे. ज्याला समाज दोष म्हणतो, तो दोषच असतो असे नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली एका विधवेशी विवाह केला. मुरूड गावच्या भल्यासाठी झटलेला हा माणूस. परंतु गावकऱ्यांस त्याचे झटणे दिसले नाही, विवाह तेवढा दिसला, आणि त्याच्यावर बहिष्कार पडला. १९५८ साली, त्यांच्या वयाच्या शंभराव्या वर्षी, राष्ट्राने त्यांस भारतरत्न दिले. नावे ठेवणारे तोवर हयातही नव्हते. एका माणसातला गुण ओळखण्यास पासष्ट वर्षे लागावी, हे कोणत्याही समाजास भूषणावह नाही.

याचा अर्थ दोषांवर पांघरूण घालावे असा मुळीच नव्हे. हिशेबतपासनिसाने चूक शोधलीच पाहिजे, आणि वराचे व्यसन लपवून लग्न जुळविणारा मनुष्य पुण्य नव्हे, पाप जोडतो. दोष पाहणारी दृष्टी ही राखणदारासारखी आहे. तिने दारावर उभे राहावे, घराची मालकी सांगू नये. म्हणून आमची विनंती एवढीच की, दोष सांगायचा तर तो ज्याचा त्याला, एकांतात आणि सुधारता येईल अशा शब्दांत सांगावा. गुण मात्र चारचौघांत सांगावा. कोणी चौकशीस आले, तर आपण स्वतः पाहिलेला निदान एक गुण आधी सांगावा, आणि ऐकीव दोष मुळीच सांगू नये.

आणि हे वेळेवर करावे. शोकसभेत आपण सारेच एकमताने गुणग्राहक होतो. मृताचा कामसूपणा, त्याचा निगर्वी स्वभाव, सारे आपणांस एकाएकी आठवते. म्हणजे ते आपण पाहिलेले असते. फक्त बोललेले नसते. ज्याला ऐकून बळ आले असते, तो ऐकण्यास उरलेला नसतो. आज या मंडपात पाने वाढणारे, सतरंज्या घालणारे, वर्गणीसाठी उन्हातान्हात हिंडलेले अनेक जण आहेत. घरी परतण्यापूर्वी त्यांपैकी एकाजवळ जाऊन त्याचे काम आपण पाहिले, एवढे जरी सांगितले, तरी आमचे बोलणे कारणी लागले असे आम्ही समजू.