चित्राची प्रत आणि तिचा कागद



सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम हळदणकर यांचं ‘ग्लो ऑफ होप’ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा आणि बोटांतून झिरपणारा लालसर उजेड. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. पाहणाऱ्याला ते तैलरंगातलं वाटतं, पण आहे जलरंगातलं. अशा चित्राची प्रत काढायची, तर पहिला विचार कागदाचा करावा लागतो.

जलरंगात पांढरा रंग सहसा लावत नाहीत. उजेड हवा तिथे रंगाचा थर पातळ ठेवतात, म्हणजे खालचा कागदच उजळून दिसतो. प्रती छापणाऱ्या इंकजेट प्रिंटरचंही तसंच आहे. त्यातही बहुधा पांढरी शाई नसते. म्हणजे प्रतीतली सर्वांत उजळ जागा हा कोरा कागदच. तो निळसर पांढरा निघाला, तर दिव्याऐवजी ट्यूबलाइट लावल्यासारखं वाटतं.

दुकानात मात्र सर्वांत पांढराशुभ्र दिसेल त्याच कागदाकडे हात जातो. त्या शुभ्रतेमागे बऱ्याचदा उजळपणा आणणारी रसायनं असतात. ती अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात. कालांतराने त्यांचा जोर ओसरतो, कागद पिवळट दिसू लागतो आणि चित्राच्या रंगांचा तोल बिघडतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. नोटा तपासायचा जांभळा दिवा अंधारात कागदावर धरा. झेरॉक्सचा कागद निळा लखलखेल. ज्यात ही रसायनं नाहीत तो मंदच राहील. या चित्रासाठी मला तो मंद, किंचित उबदार कागद हवा.

आणि तो सुती असावा. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन काढलेलं नसेल, तर कागद पिवळा पडतो, जसं वर्तमानपत्राचं जुनं पान. कापसाच्या तंतूत लिग्निन जवळजवळ नसतंच. जर्मनीतली हानेम्यूले ही गिरणी १५८४ पासून कागद बनवते. तिचा ‘फोटो रॅग’ हा चौरस मीटरला ३०८ ग्रॅम वजनाचा सुती कागद प्रती छापणाऱ्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. पण ग्रॅम म्हणजे टिकाऊपणा नव्हे. वजनदार कागद हाताला भरीव लागतो, एवढंच.

खडबडीत कागदाचा मोह मात्र टाळा. मूळ चित्राचा फोटो काढताना त्याच्या कागदाचा पोतही फोटोत येतो. तो फोटो पुन्हा खरखरीत कागदावर छापला की पोत दोनदा दिसतो आणि चेहऱ्यावरच्या नाजूक छटा त्यात हरवतात. प्रत लहान असेल तर जास्तच. गुळगुळीत मॅट कागद घ्या.

यात एक खरी अडचण आहे. मॅट कागदावर काळा रंग तितका खोल उतरत नाही, आणि या चित्रातला उजेड तर भोवतीच्या अंधारावरच उभा आहे. बेरियम सल्फेटचा थर दिलेला बरायटा कागद काळा रंग छान देतो. पण त्याची चकाकी जलरंगाला परकी वाटते. मी मॅटच घेईन. छापणाऱ्याला त्याच कागदाचं रंगांचं प्रोफाइल वापरायला सांगेन, शाई पिगमेंटचीच घ्यायला लावेन आणि आधी नमुन्याची एक पट्टी काढून मागेन: ज्योत, बोटं आणि मागचा अंधार एकत्र येतात तेवढाच तुकडा. ती पट्टी प्रेसमधल्या दिव्याखाली पाहून होकार देऊ नका. चित्र लावायचं त्या भिंतीपाशी, तिथल्या उजेडात पाहा.

शेवटी फ्रेमचं. मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळ्यात सुती कागद ओलावा पटकन धरतो. फ्रेम करताना काच कागदाला टेकू देऊ नका; मध्ये आम्लरहित माउंट हवाच. आणि मागे प्लायवूड किंवा साधा पुठ्ठा लावायचा नाही, हे फ्रेमवाल्याला आधीच बजावून ठेवा.