वास्तू आणि परस्परावलंबन
(कुर्डुवाडी येथील भाषण)



कारणावाचून व आधारावाचून काहीही उद्भवत नाही, हा भगवान बुद्धांच्या प्रतीत्यसमुत्पादाचा आशय आहे. या दृष्टीने पाहता इमारत ही सुटी वस्तू नव्हे. पाऊस, माती, वृक्ष आणि माणूस यांच्या संबंधांतूनच वास्तू जिवंत राहते.

मुंबईतील कान्हेरीच्या शंभराहून अधिक लेण्यांत याचा प्रत्यय येतो. तेथे कातळावरील पाऊस कोरीव पन्हळींतून विहारांजवळच्या टाक्यांत उतरतो. शिलालेखांत टाक्याला ‘पोढी’ म्हटले असून, लेण्याबरोबर पोढीचेही दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. पाण्यावाचून निवारा अपुरा, हे त्या दात्यांनी जाणले होते.

सोलापूर जिल्ह्यातील जुनी माळवदाची घरेही पांढऱ्या मातीची होती आणि उन्हाळ्यात थंड राहत. आपला हा भाग अवर्षणप्रवण आहे. तरीही १०० चौरस मीटर छपरावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ५० हजार लिटर पाणी मिळते. ते गटारात गेल्यास उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणे ओघानेच येते.

म्हणून शाळेची वा ग्रामपंचायतीची इमारत मंजूर करताना पन्हळ, टाके आणि सावलीचे झाड यांना आराखड्यातच स्थान मिळाले पाहिजे.