मैदानातून ग्रामसभेकडे

(शिरपूर येथे आदिवासी वसतिगृहातील विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणातून)



तुमच्यातले बरेचजण कबड्डी, खो-खो खेळता, धावता. पदक मिळालं की पोलीस भरती, असा बेत असतो. तो चांगलाच आहे. आज मात्र खेळाडू म्हणून नाव कमावून समाजाच्या कामाला लागलेल्या एका माणसाविषयी सांगतो.

जयपालसिंग मुंडा यांचा जन्म 1903 सालचा, रांचीकडच्या खुंटी भागातल्या टकरा गावातला. गावातून ते रांचीच्या मिशन शाळेत आले, तिथून इंग्लंडला गेले. ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात हॉकी गाजवली. 1928 च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये ते भारतीय हॉकी संघाचे कप्तान होते. आपलं हॉकीतलं पहिलं सुवर्णपदक ते. आय.सी.एस.ची मोठी नोकरी समोर होती, तीही त्यांनी सोडली.

1939 साली आदिवासी महासभेने त्यांना अध्यक्ष केलं. पुढे ते संविधान सभेत गेले. 19 डिसेंबर 1946 रोजी तिथे उभे राहून त्यांनी आपण 'जंगली' असल्याचं ताठ मानेने सांगितलं. आदिवासींना लोकशाही शिकवू नका, ती त्यांच्याकडून शिका, असा त्यांच्या बोलण्याचा अर्थ होता. 1970 साली ते गेले. त्यांनी मागितलेलं झारखंड राज्य 2000 साली झालं.

आता आपल्याकडे या. शिरपूर तालुक्यातली सातपुड्याकडची अनेक गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. तिथे 1996 चा पेसा कायदा लागू आहे. गौण वनोपज, पाणी, गावाचा विकास यांत ग्रामसभेचा शब्द चालतो. आदिवासी उपयोजनेचा 5 टक्के अबंध निधी थेट पेसा ग्रामपंचायतींना येतो. तो कशावर खर्चायचा, हे ग्रामसभेने ठरवायचं असतं. पण अर्धं गाव गुजरातकडे मजुरीला गेलेलं आणि शिकलेली पोरं शहरात, मग ठरवणार कोण? चार माणसं ठरवतात आणि बाकीच्यांचे नुसते अंगठे उमटतात.

अठरा वर्षं पूर्ण होऊन मतदार यादीत नाव आलं, की तुम्ही ग्रामसभेचे सदस्य. एकविसाव्या वर्षी पंचायतीची निवडणूक लढवता येते. त्याआधीही काम आहेच. सुट्टीत गावी जाल तेव्हा ग्रामसभेला बसा. मागचं इतिवृत्त वाचून दाखवायला सांगा. निधीचा हिशेब नम्रपणे, पण सगळ्यांसमोर विचारा. मराठीतला ठराव मागे बसलेल्या आयाबायांना पावरीत, भिलीत समजावून सांगा आणि त्या काय म्हणतात तेही लिहून घ्या.

रोज पहाटे उठून सराव करायची सवय तुम्हाला आहे. गावाच्या कामालाही तीच चिकाटी लागते. एका ग्रामसभेत काही बदलणार नाही. पुढच्या ग्रामसभेलाही जा.