जुनी व्हॅन घेताना



काल या व्यासपीठावरून आपण ज्ञानेश्वरीवर ऐकलेत, उद्या अर्थसंकल्पावर ऐकणार आहात, आणि मध्ये मी उभा आहे तो जुनी व्हॅन कशी घ्यावी हे सांगायला. चालकांनी मला ‘असंघटित कामगारांचे भवितव्य’ हा विषय सुचवला होता. परंतु भवितव्याबद्दल मला जे ठाऊक आहे ते आपणांस वर्तमानपत्रातूनही कळते. व्हॅनबद्दल जे ठाऊक आहे ते मात्र दोघांच्या जिवावर बेतले तेव्हा कळले, आणि ती व्हॅन मीच पसंत केली होती. म्हणून हा विषय मी मागून घेतला. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे तालुक्याच्या वाचनालयात आणि लोकांच्या ओट्यांवर झाले. तेव्हा भाषेत उणे-अधिक झाले तर सांभाळून घ्यावे.

ऊसतोड कामगारांच्या संघटनेला गाडी कशाला लागते, हे आधी सांगितले पाहिजे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालन्याकडची माणसे मुकादमाकडून उचल घेऊन घराबाहेर पडतात आणि कोल्हापूर-सांगलीकडे कारखान्यांच्या आसपास कोप्या घालून राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे चार-पाचला हा कोयता फडात उतरतो, दिवसभर तोड, मग मोळ्या बांधणे, गाडी भरणे. दिवसा सभा घ्यायची कोणाची? सभा होते रात्री, चुली विझल्यावर. ती संपते साडेदहा-अकराला. त्या वेळी एस. टी. नसते, लॉज असतो वीस मैलांवर, आणि ज्यांची कोपी आठ बाय दहाची आहे त्यांच्याकडे झोपायला जागा मागणे बरे दिसत नाही. त्यात आमच्याबरोबर सामान असते: कर्णा, बॅटरी, सतरंज्या, हिशेबाच्या वह्या, औषधांची पेटी, दोन मोठी पातेली. तेव्हा सामान वाहील आणि रात्री माणसाला पाठ टेकू देईल अशी गाडी हवी. तमाशाच्या फडांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. नारायणगावहून सुपाऱ्या घेऊन निघालेले फड ट्रकमध्ये कनाती-पेट्या भरतात आणि त्यांवरच झोपतात.

आणि पैसे? एका कोयत्याची वर्षाची वर्गणी शंभर रुपये. ही रक्कम आपल्याला लहान वाटेल. ज्या बाईने मला ती दिली तिने ती वाढे विकून जमवलेल्या पैशांतून, पदराच्या गाठीतून सोडून दिली होती. अशा नोटा घेऊन आपण गाड्यांच्या बाजारात उभे राहतो तेव्हा हात थरथरला पाहिजे. २०१६ साली माझा थरथरला नाही.

त्या वर्षी मी पंचाण्णव हजारांना एक ओम्नी घेतली. ती मी संध्याकाळी पाहिली, ही पहिली चूक. दिवे लागल्यावर सगळ्याच गाड्या तरुण दिसतात. ताजा रंग होता, आसनांना नवी कव्हरे होती, विकणाऱ्याने चहा मागवला. एका चावीत इंजिन सुरू झाले. मागाहून कळले की मी येण्याआधी अर्धा तास ते चालू ठेवून तापवले होते. सरकत्या दाराची आतली मूठ तुटलेली होती. मी विचारले तर म्हणाला, “बाहेरून उघडते की!” मी दहा हजार कमी करून घेतले आणि सभेत ते अभिमानाने सांगितले. टाळ्याही पडल्या.

जानेवारी २०१७. वाळवे तालुक्यात एका फडाच्या कडेला आमचा मुक्काम होता. थंडी मोठी. मी एका वृद्ध जोडप्याच्या आग्रहाने त्यांच्या कोपीत झोपलो. गाडीत आमचा चालक पुढे, आणि मागे एक कार्यकर्त्या बाई. कर्ण्याची बॅटरी उतरली होती म्हणून चालकाने थोडा वेळ इंजिन चालू ठेवले, काचा लावल्या, आणि त्याचा डोळा लागला. ओम्नीचे इंजिन पुढच्या आसनांखाली असते. आमच्या गाडीत सायलेन्सरच्या नळीला चीर होती आणि तळाचा पत्रा गंजून चाळणी झाला होता. वरून रबराची चटई घातलेली, म्हणून कोणाला दिसले नाही. पहाटे दोनच्या सुमारास त्या बाई ओकारी येऊन जाग्या झाल्या. डोके फुटायला आलेले, पाय उचलेनात. दाराला मूठ नाही. त्या पुढच्या आसनावरून सरपटत गेल्या, चालकाच्या अंगावरून हात घालून त्याच्या बाजूचे दार उघडले आणि दोघेही ढेकळांत पडले. चालक जागा होईना. त्यांच्या ओरडण्याने सगळा अड्डा उठला.

दोघे वाचले. रुग्णालयात डॉक्टरांनी मला समजावले ते मी वहीत उतरवून घेतले. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने त्याला धरते, आणि एकदा धरले की सहजी सोडत नाही. झोपलेला माणूस गुदमरून धडपडत नाही. तो अधिक गाढ झोपतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून निजलेली कुटुंबे जातात ती याच वायूने. पुढे २०२४ च्या डिसेंबरात केरळात वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅरव्हॅनमध्ये दोघे मृत सापडले. जनित्राचा वायू आत शिरला होता. ती बातमी वाचली त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

त्या बाईंनी मला एकच गोष्ट विचारली. “दादा, तुम्ही घ्यायच्या आधी या गाडीत निजून बघितलं होतं का?”

नव्हते बघितले. गाडी घेताना आपण ती चालवून बघतो, कारण आपल्या मनात गाडी म्हणजे चालणारी वस्तू. झोपण्यासाठी घ्यायची गाडी ही आधी खोली आहे, मग गाडी. खोली भाड्याने घेताना आपण गळते का, खिडकी उघडते का, कडी आतून लागते का आणि सुटते का, हे पाहतो. तेच इथे पाहावयाचे.

दुसरी गाडी आम्ही २०२१ साली घेतली, ती पाच महिने शोधून. या शोधात जे शिकलो ते सांगतो.

सकाळी जावे, आणि आधी सांगून जाऊ नये. गेल्याबरोबर इंजिनाच्या झाकणावर हात ठेवावा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी यावे. थंड इंजिन सुरू करून मागे धूर पाहावा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे. दाट पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर पाणी आत जात असण्याचा संभव. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर संशय पक्का. काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाही, हे दुखणे त्या मानाने स्वस्त. किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नये, तो मागे फिरवता येतो. पायाखालचे ब्रेक-क्लचचे रबर झिजून गुळगुळीत झाले असेल आणि आकडा चाळीस हजार दाखवत असेल, तर रबरावर विश्वास ठेवावा. टायरवर चार अंक असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी खोल असली तरी जुने रबर तडकते, आणि ओझ्याच्या गाडीला ते महागात पडते.

पत्र्यासाठी खिशात लोहचुंबक न्यावे. पत्रा सडला की त्यावर लांबी भरून रंग मारतात. लांबीवर चुंबक धरत नाही. मात्र दारे-मडगार्ड यांपेक्षा तळ पाहावा. चटया उचलायला लावाव्या, कोणी काही म्हणो. गाडीखाली सतरंजी टाकून निजावे आणि चाव्यांच्या जुडग्याने पत्रा ठोकत जावे. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. कोकणात किनाऱ्यालगत वापरलेली गाडी असेल तर हे दुप्पट वेळ करावे. सायलेन्सरची नळी थेट मागच्या टोकापर्यंत अखंड आहे ना, हे मिस्त्रीकडून पाहून घ्यावे. मागे पाटे असले तर ते वर वाकलेले हवेत. सपाट झाले असतील तर आधीच्या मालकाने तिच्यावर भलताच भार वाहिला आहे. सीएनजीवरची गाडी स्वस्तात चालते खरी, परंतु नळकांडे झोपण्याची जागा खाते, आणि दर तीन वर्षांनी त्याची चाचणी झाल्याचा दाखला नसेल तर त्याच्या शेजारी निजणे शहाणपणाचे नाही.

टेप जवळ हवी. विकणारा म्हणतो, “सहा फूट आहे.” सहा फूट असते ते छताजवळ, खाली चाकांच्या कमानी आत आलेल्या असतात.

आता कागद. माझ्या मते निम्मी गाडी कागदात असते. चासीवर ठोकलेला क्रमांक आणि आरसी बुकातला क्रमांक अक्षर-अक्षर ताडून पाहावा. पुस्तकावर कर्जाचा बोजा असेल तर सावकार संस्थेचा दाखला आणि नमुना ३५ हातात आल्याशिवाय पैसे मोजू नयेत. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. पंधरा वर्षांवरच्या मोटारीसाठी हे शुल्क २०२२ च्या एप्रिलपासून सहाशेवरून पाच हजारांवर गेले आहे, शिवाय पर्यावरण कर. तेव्हा चौदा वर्षांची गाडी स्वस्त दिसते ती का, हे लक्षात यावे.

आणखी एक फसगत पिवळ्या पाटीची. मालवाहू व्हॅन स्वस्त मिळते, आत जागाही ऐसपैस. परंतु मालगाडीतून फुकट माणसे नेली आणि अपघात झाला तर विमा कंपनी जबाबदार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगितले आहे. आमच्यासारख्यांची निम्मी कामे माणसे नेण्याचीच. साध्या गाडीची आसने मनाने उपटून टाकणेही चालत नाही. आसनांची संख्या पुस्तकात असते आणि बदलाला परिवहन कार्यालयाची परवानगी लागते.

या शोधाशोधीत मी एक गंमत वाचली. आपण ‘टेम्पो’ म्हणतो ते मुळात जर्मनीत हॅम्बुर्गच्या एका कारखान्याच्या गाड्यांचे नाव. १९५८ साली बजाज टेम्पो कंपनी निघाली, आणि त्या नावाचा आपण असा काही संसार मांडला की आज कोणत्याही कंपनीची छोटी मालगाडी टेम्पोच. असो. आम्हांला शेवटी जी गाडी मिळाली ती त्याच घराण्यातली ट्रॅव्हलर, २०१० ची, एका बँड पथकाची. ढोल-ताशे ठेवायला त्यांनी मागच्या रांगा काढल्या होत्या आणि तशी नोंद पुस्तकात करून घेतली होती. मागणी तीन लाखांची.

मी त्या मालकाला म्हणालो, “सौदा उद्या करू. आज रात्री आम्ही दोघे हिच्यात निजतो. इसार ठेवून घ्या.” तो हसायला लागला. “साहेब, गाडी घेताय का सोयरीक जुळवताय?” पण कबूल झाला. दिवस श्रावणाचे होते. मी आणि त्याच बाई, ज्यांनी मला तो प्रश्न विचारला होता. रात्री एकला पाऊस आला आणि मागच्या दाराच्या रबरातून पाणी माझ्या उशाशी आले. खिडक्यांना जाळी नव्हती, डासांनी फोडून काढले. दार आतून दहा वेळा उघडून पाहिले, अंधारात चाचपडत. पहाटे बाई म्हणाल्या, “डोकं दुखत नाही.” तेवढ्यावर आम्ही ती घेतली, गळतीचे दाखवून दोन लाख साठ हजारांना.

आता तिच्यात नियम असा की झोपताना इंजिन बंद आणि चावी दाराच्या खिळ्याला. दोन समोरासमोरच्या खिडक्या चार बोटे उघड्या. आत स्टोव्ह पेटवायचा नाही, थंडीत चहासाठीसुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साइड ओळखणारे एक छोटे यंत्र बाजारात मिळते, ते उशीच्या उंचीवर लावले आहे. त्याच्या किमतीवरून कार्यकारिणीत एकाने तक्रार केली. चालक काही बोलला नाही. नुसता त्याच्याकडे बघत राहिला.

त्या जुन्या ओम्नीचे काय झाले, हेही सांगायला हवे, कारण त्यावरून आमच्यात खरे भांडण झाले. २०१८ मध्ये भाजीवाल्यांपैकी एक जण तिला पन्नास हजार द्यायला तयार होता. कार्यकारिणीत बहुमत देण्याच्या बाजूचे होते, आणि त्यांचे म्हणणे लबाडीचे नव्हते: पैसा कामगारांचा आहे, भाजीवाला गाडीत झोपणार नाही. शिवाय कोणी असेही सुचवले की नावावर करण्याच्या खर्चात पडू नये, नमुना २९ आणि ३० वर सह्या करून द्याव्या, पुढचे तो बघेल. नेमके त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला होता की गाडी कितीही हातांतून गेली तरी पुस्तकात ज्याचे नाव तोच अपघाताच्या भरपाईला मालक म्हणून जबाबदार. तो मी वाचून दाखवला, आणि सह्यांची सूचना तेवढ्यावर मागे पडली. पण रीतसर नावावर करून द्यायला काय हरकत, याचे उत्तर कोणत्याही न्यायालयाच्या निकालात नव्हते. भाजीवाला आज झोपणार नाही; पण हमाली करून पहाटे बाजार उघडेपर्यंत तो कुठे पडतो, हे आम्हांला माहीत नव्हते का?

मी ठराव हरलो असतो. त्या बाई उठल्या आणि म्हणाल्या, “विका. फक्त गिऱ्हाइकाला त्या रात्रीचं मी स्वतः सांगणार.” मग कोणी मत मागितले नाही. गाडी भंगारात तोडली, नोंदणी रद्द करून घेतली, चौदा हजार आले. पंचाण्णवातले चौदा. वार्षिक हिशेबात ती तूट मी माझ्या नावासमोर लिहून वाचली. मागच्या रांगेतून एक म्हातारा म्हणाला, “लिहा, पण पुढच्या वर्षी वर्गणी घ्यायला याच.” ते कौतुक होते की टोमणा, हे मला अजून कळलेले नाही.

ट्रॅव्हलरची पंधरा वर्षे २०२५ मध्ये पूर्ण झाली, नूतनीकरण झाले. यंदाचा पट्टा पडला, माणसे गावी परतली. गाडी या मांडवामागे कडुनिंबाखाली उभी आहे. ज्यांना गाडी घ्यावयाची असेल त्यांनी जरूर पाहावी, चटया उचलून पाहाव्या. मात्र दार हळू सरकवावे. चालक आत झोपला आहे. पहाटे आम्हांला आष्टीकडे निघायचे आहे.