ओळखीच्या ताऱ्यांची कसोटी

नवा तराजू घेणारा सराफ त्यांत प्रथम सोनें घालीत नाहीं. ठाऊक वजनाचें माप घालून पाहतो. अंतराळांत उभारावयाच्या एका तराजूसाठीं ज्योतिर्विदांनीं अशींच मापें हेरून ठेविलीं आहेत.

गुरुत्वलहरींचें भाकीत आइन्स्टाइन यांनीं १९१६ सालीं केलें. १४ सप्टेंबर २०१५ रोजीं अमेरिकेंतील यंत्रांनीं पहिली लहर टिपली. दोन कृष्णविवरें एकरूप होतांना ती उठली आणि सेकंदाच्या पंचमांशांत यंत्रावरून निघून गेली. पूर्वसूचना नाहीं, पुनरावृत्ति नाहीं!

कर्क राशींतील एच्. एम्. कँक्री या जोडताऱ्याची गोष्ट निराळी. तेथें दोन श्वेत बटु तारे ३२१ सेकंदांत परस्परांभोवतीं फेरा पुरा करितात. आपल्या चुलीवर चहाला आधण येईतों त्यांचें वर्ष संपतें. दर अर्ध्या फेऱ्यास एक, म्हणजे सुमारें १६० सेकंदांस एक, अशा लहरी तेथून अखंड निघत असल्या पाहिजेत. फेऱ्याचा काळ व ताऱ्याची दिशा प्रकाशावरून आधींच ठाऊक आहेत.

मग ती लहर अद्याप कां सांपडली नाहीं? इतकी संथ लहर टिपण्यास पृथ्वीवर स्वस्थ जागाच नाहीं. समुद्राच्या लाटांनीं जमीन थरथरते. हवेचे थर हलले कीं त्यांचें आकर्षण बदलतें. आपल्या हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथजवळ होऊं घातलेली वेधशाळाहि शीघ्र लहरींसाठींच आहे. या मंद्र स्वराला ती बधिर राहणार.

म्हणून युरोपीय अंतराळ संस्थेनें जानेवारी २०२४ मध्यें ‘लिसा’ योजनेस संमति दिली. २०३५ च्या सुमारास तीन यानें सोडण्याचा बेत आहे. पृथ्वीमागून सूर्याभोवतीं फिरणाऱ्या या यानांत परस्परांपासून २५ लक्ष किलोमीटरांचें अंतर राहील. आंत सोनें-प्लॅटिनमचे ठोकळे मोकळे तरंगतील, आणि त्यांच्या अंतरांतील अणूहूनहि सूक्ष्म फरक लेसर किरणांनीं मोजावयाचा. ही कल्पनेची भरारी नव्हे. २०१५ सालीं सोडलेल्या चांचणी-यानानें ठोकळे तसे निर्विघ्न तरंगत ठेवून दाखविले आहेत.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. कँक्री किती दूर आहे हें निश्चित नाहीं. त्यामुळें लहर किती जोराची असेल तें नेमकें सांगतां येत नाहीं. मापावरील आंकडाच पुसट! २०१९ सालीं भूतप तारकासमूहांत आढळलेली जोडी मला अधिक भरंवशाची वाटते. तेथें ६.९१ मिनिटांच्या प्रत्येक फेऱ्यांत एक तारा दुसऱ्यास झांकतो, म्हणून कक्षेचा कलहि कळतो. महिनोगणती नोंदी साठवूनहि त्या ठरल्या ठोक्यावर लहर दिसली नाहीं, तर प्रथम यंत्र तपासावें लागेल. आणि यंत्र निर्दोष निघालें, तर आइन्स्टाइन यांच्या सिद्धांतालाच जाब विचारावा लागेल.