सायकलच्या दुकानापासून किर्लोस्करवाडीपर्यंत

वडूजच्या पेठेत पाठीवर भली मोठी पिशवी घेऊन घरोघर पुडकी पोचविणारे तरुण आता नवलाचे राहिलेले नाहीत. ज्या दुकानांतून ही पुडकी येतात, त्यांच्या मालकाचे तोंड गिऱ्हाइकाने कधी पाहिलेले नसते. फ्लिपकार्ट हे त्यांतील एक. २००७ साली बंगळुरास ते केवळ पुस्तके विकण्याकरिता निघाले. पुण्याचे फर्स्टक्राय २०१० साली लहान मुलांच्या वस्तूंकरिता निघाले. लहान दुकान मोठे कसे होते, हा प्रश्न मात्र या भागास नवा नाही. त्याचे एक जुने उदाहरण आपल्याच खटाव तालुक्यातील औंधाशी निगडित आहे. त्याचा आरंभ झाला तो बेळगावी, १८८८ साली.

लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकण्यासाठी मुंबईस गेले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत असे आढळल्यावर ते यांत्रिक रेखनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. त्यांनी मुंबईहून सायकली धाडाव्या आणि वडील बंधू रामूअण्णांनी त्या बेळगावी विकाव्या, असा व्यवहार सुरू झाला. सायकल ही त्या काळी श्रीमंतांच्या हौसेची चीज. मोठ्या माणसांचे खेळणेच म्हणा ना! पण घेणाऱ्यास ती चालविता कोठे येत होती? तेव्हा रामूअण्णा गिऱ्हाइकास सायकलवर बसावयासही शिकवीत आणि त्याबद्दल १५ रुपये घेत. गिऱ्हाइकाची भीती काढणे हे दुकानदाराचेच काम, हे या बंधूंनी प्रथमपासून ओळखले होते.

या समजुतीची खरी कसोटी पुढे लागली. नोकरी सोडून लक्ष्मणराव बेळगावास आले. कडबा कापण्याची यंत्रे व त्यामागून लोखंडी नांगर तयार होऊ लागले. नांगर मात्र कोणी घेईना. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली म्हणतात. या समजुतीबद्दल शेतकऱ्यास हसणे सोपे आहे. परंतु सायकलवरून पडणाऱ्याचा गुडघाच फुटतो, नांगरट फसली तर मात्र घरची वर्षाची भाकरी जाते. आजचे गिऱ्हाईकही न पाहिलेल्या मालास आधी पैसे देण्यास कचरत होते. म्हणूनच २०१० साली फ्लिपकार्टने वस्तू हाती पडल्यावर पैसे घेण्याची सोय केली. पोस्टाच्या व्ही. पी.ने १८७७ सालापासून हेच केले होते.

नांगरांस कोठे मागणी येऊ लागते तोच नगरपालिकेने बेळगावची जागा सोडावयास लावली. कारखाना उचलून न्यावा कोठे आणि कशाच्या बळावर? या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. राजेसाहेब स्वतः चित्रकार होते, आणि समोर होता तो चित्रकला सोडावी लागलेला कारागीर. त्यांनी १० हजार रुपये कर्जाऊ दिले आणि आपल्या संस्थानातील कुंडलजवळची ३२ एकर जमीन दिली. निवडुंग माजलेला तो माळ, सापांचा तर सुकाळच! १९१० साली मोजके कामगार आपली बायकामुले घेऊन तेथे राहावयास गेले. तीच आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी. रेल्वेचे कुंडल रोड हे स्थानकही पुढे याच नावाने ओळखले जाऊ लागले.

माल आता दूरदूर जाऊ लागला. प्रत्येक गिऱ्हाइकास समोर बसवून शिकविणे शक्य राहिले नाही. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली, ती कारखान्याच्या मालाची माहिती देण्याकरिता. ती वाढत वाढत ‘किर्लोस्कर’ मासिक झाली. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ ही मासिके तिच्या जोडीला आली. ज्या घरांत लोखंडी नांगराची कधी गरजच पडली नाही, त्या घरांतही ती वर्षानुवर्षे वाचली गेली.