‘कनेक्टेड’ या शब्दाच्या पोटात : टॅब्लेट आणि घरचे वायफाय

टॅब्लेट हे संगणकाच्या कुळातले असे यंत्र आहे, की ज्याला जाळ्याची तार जोडण्यासाठी तोंडच ठेवलेले नसते. टेबलावरच्या संगणकाच्या पाठीत तार खोचली, शेजारचा बारीक दिवा लुकलुकला, की जोडणी झाली हे डोळ्यांना दिसत असे. ३ एप्रिल २०१० रोजी अमेरिकेत विक्रीस आलेल्या पहिल्या आयपॅडला ते तोंड नव्हते; आणि ५ ऑक्टोबर २०११ रोजी नवी दिल्लीत सादर झालेला, ज्याच्या सुधारित आवृत्तीचे काम पुढे पवईच्या आयआयटीकडे आले तो ‘आकाश’ हा स्वस्त टॅब्लेट पहिल्या आवृत्तीत सिमकार्डाविनाच असल्यामुळे, बाहेरच्या जगाशी बोलण्यासाठी तो मुख्यतः वायफायवरच अवलंबून असे. तारेबरोबर ती दिसणारी खूणही गेली आणि तिच्या जागी पडद्यावर ‘कनेक्टेड’ हा एक शब्द येऊन बसला. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन असे, की हा शब्द चार निरनिराळ्या घटनांवर पांघरूण घालतो, आणि ‘वायफाय आहे पण नेट नाही’ या घरोघरी ऐकू येणाऱ्या तक्रारीतला गोंधळ यंत्रापेक्षा या पांघरुणामुळेच अधिक होतो.

बोलण्यात ‘रेंज’, ‘वायफाय’ आणि ‘नेट’ हे तीन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात, परंतु त्यांचे अर्थ वेगळे आहेत. वायफाय म्हणजे राउटर आणि टॅब्लेट यांच्यामधला, घराच्या चार भिंतींतला हवेतला दुवा. नेट म्हणजे राउटरच्या पाठीमागून फायबरने किंवा केबलने घराबाहेर जाणारा रस्ता. आणि रेंज म्हणजे हवेतल्या त्या दुव्याची ताकद. बाहेरचा फायबर तुटला तरी घरातले वायफाय जसेच्या तसे चालू राहते, कारण राउटरला वीज मिळत असेपर्यंत तो आपले काम करीतच असतो. ‘वायफाय’ या शब्दात मुळात कोणताही अर्थ दडलेला नाही, हेही जाता जाता नोंदवण्यासारखे आहे: १९९९ मध्ये नावे तयार करून देणाऱ्या एका व्यावसायिक संस्थेकडून तो उच्चारायला सोपा म्हणून घेतला गेला, कारण त्यामागच्या तांत्रिक मानकाचे ‘८०२.११’ हे आकडी नाव दुकानात जाऊन मागण्याजोगे नव्हते.

पहिली घटना दिसण्याची. राउटर स्वस्थ बसलेला दिसत असला तरी तो सेकंदाला सुमारे दहा वेळा एक छोटा संदेश चहूकडे सोडत असतो, त्यात आपले नाव आणि आपल्याशी कोणत्या नियमांनी बोलावे याची माहिती सांगतो. या संदेशाला बीकन म्हणतात. टॅब्लेटवर वायफायची यादी उघडते तेव्हा तो आसपासच्या राउटरांना हाका मारतो आणि एकेका वाहिनीवर, म्हणजे चॅनेलवर, क्षणभर थांबून अशा संदेशांचा कानोसाही घेतो. घरच्या राउटरचे हे बोलणे मुख्यत्वे दोन पट्ट्यांत चालते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर, तर ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ती पाच ते सहा सेंटिमीटर भरते. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ च्या नियमांनी परवानामुक्त झाला आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील मोठा भाग २०१८ मध्ये तसाच खुला करण्यात आला. परवानामुक्त याचा अर्थ असा, की तिथे कोणाचीच मालकी नाही: शेजाऱ्याचा राउटर, ब्लूटूथचे हेडफोन आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह ही सगळी मंडळी २.४ च्या त्याच गल्लीत वावरतात, आणि तिथल्या वाहिन्या एकमेकींवर इतक्या चढलेल्या आहेत, की १, ६ आणि ११ या तीनच एकमेकींना न अडवता एकदम चालू शकतात. इमारतीत प्रत्येक मजल्यावर चार बिऱ्हाडे असली, की रात्री नऊ वाजता तिथे काय होत असेल याची कल्पना करता येते. म्हणून ५ चा पट्टा बरा, असे सांगितले जाते आणि ते बरोबरही आहे. मात्र अनेक स्वस्त टॅब्लेटांना तो पट्टा ऐकूच येत नाही. राउटरने दोन पट्ट्यांना दोन नावे दिलेली असतील, तर अशा टॅब्लेटच्या यादीत त्यांपैकी एकच नाव दिसते, आणि घरातल्या फोनवर दिसणारे दुसरे नाव शोधण्यात नाहक तास जातो.

अदृश्य लहरी भिंतीपलीकडे जातात हे जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कलकत्त्यात दूरची घंटा वाजवून दाखवले होते. पण जातात याचा अर्थ फुकट जातात असा नव्हे. विटेच्या प्रत्येक भिंतीत लहरीची काही शक्ती खर्ची पडते आणि ५ गिगाहर्ट्झची लहर २.४ पेक्षा लवकर थकते. काँक्रीटच्या खांबातली सळई, लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि फ्रिज ही धातूची किंवा धातूचा मुलामा असलेली आडकाठी लहर परतवून लावते, तर पाणी ती शोषून घेते. त्यामुळे जाड जांभ्या चिऱ्यांच्या कोकणी घरात पावसाळ्यात भिंती ओल धरतात तेव्हा माजघरापलीकडे रेंज आणखी मंदावली तर त्यात नवल नाही. या शक्तीचे मोजमाप उणे आकड्यांत करतात: उणे ५० डेसिबल-मिलिवॅट म्हणजे उत्तम, उणे ८० म्हणजे जेमतेम, आणि या दोहोंत तीसचा नव्हे तर हजार पटींचा फरक असतो, कारण या मोजपट्टीवर दर तीन अंकांना शक्ती निम्मी होते. इतके असूनही राउटरची जागा बहुतेक घरांत एकाच निकषावर ठरते, तो म्हणजे केबलवाल्याने भिंतीला भोक जिथे पाडले ती जागा. टीव्हीच्या मागे, माळ्यावर किंवा बुटांच्या कपाटात कोंबलेल्या राउटरने लांबच्या खोलीत पोहोचावे ही अपेक्षा जरा जास्तच आहे. त्याला घराच्या मध्याशी, छातीच्या उंचीवर आणि उघड्यावर ठेवणे हा कोणत्याही नव्या उपकरणापेक्षा स्वस्त उपाय आहे.

पडद्यावरच्या रेंजच्या दांड्यांविषयी एक गैरसमज इथेच दूर करणे इष्ट ठरेल. त्या दांड्या राउटरचे बोलणे टॅब्लेटला किती स्पष्ट ऐकू येते एवढेच सांगतात. टॅब्लेटचे बोलणे राउटरपर्यंत पोहोचते की नाही याबद्दल त्या मौन पाळतात. टॅब्लेट बॅटरीवर चालतो, त्याचा अँटेना लहान असतो आणि त्याचा आवाज सहसा राउटरपेक्षा क्षीण असतो. त्यामुळे दारातून हाका मारणाऱ्या दणकट आवाजाच्या माणसाला आतल्या आजींचे उत्तर ऐकू येऊ नये, तसा प्रकार घडतो: दोन दांड्या दिसत असतात आणि जोडणी मात्र होत नाही.

यादीत दिसणाऱ्या नावाला तांत्रिक भाषेत एसएसआयडी म्हणतात आणि त्याची मर्यादा ३२ बाइटची आहे. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो, पण सध्याच्या प्रचलित संकेतनात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार व जोडाक्षरातला हलन्त ही प्रत्येक वेगळी मोजली जाते. ‘माझे घर’ हे नाव अशा हिशेबाने एकोणीस बाइटांत बसते, पण ‘श्रीकृष्ण’ लिहायला नऊ चिन्हे म्हणजे सत्तावीस बाइट खर्च होतात आणि पुढे ‘निवास’ लिहायला जागाच उरत नाही. पासवर्डाच्या बाबतीत तर देवनागरीला दारच बंद आहे, कारण सध्या सर्वाधिक प्रचलित असलेल्या डब्ल्यूपीए-२ या सुरक्षा-पद्धतीत तो ८ ते ६३ साध्या रोमन चिन्हांचाच असावा असा दंडक आहे. जगातल्या बहुसंख्य लिप्यांचा विचार न करता आखलेली ही मर्यादा आता मानकाच्या पायातच बसलेली आहे.

दुसरी घटना ओळख पटण्याची, आणि ती सर्वांत सुरेख आहे. सर्वसाधारण समजूत अशी, की टॅब्लेट पासवर्ड राउटरकडे पाठवतो आणि राउटर तो तपासतो. प्रत्यक्षात पासवर्ड हवेत कधीच सोडला जात नाही. टॅब्लेट पासवर्ड आणि नेटवर्कचे नाव एकत्र करून त्यांना एका गणिती जात्यातून ४,०९६ वेळा दळतो आणि २५६ बिटांची एक किल्ली काढतो. राउटरने तीच किल्ली आपल्याकडे आधीच काढून ठेवलेली असते. मग चार निरोपांची देवाणघेवाण होते. राउटर एक कशीही निवडलेली संख्या पाठवतो. टॅब्लेट आपली संख्या आणि किल्लीच्या आधाराने काढलेली एक मोहोर परत पाठवतो. राउटर स्वतःच्या किल्लीने तीच मोहोर काढून पाहतो आणि ती जुळली तरच उलट मोहोर धाडून आपणही अस्सल असल्याचे पटवतो. शेवटी टॅब्लेट पोच देतो. दोघांनाही रहस्य ठाऊक आहे हे दोघांना कळते, पण रहस्य कोणीही उच्चारत नाही. हा शहाणपणा अनुभवाने आला आहे. आधीची डब्ल्यूईपी ही पद्धत इतकी कच्ची होती, की फ्लुरर, मँटिन आणि शमिर या संशोधकांनी २००१ मध्ये तिचे कुलूप कसे उघडते ते सिद्ध केले, आणि तिच्या जागी २००३ मध्ये डब्ल्यूपीए व २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ आणावी लागली.

या व्यवस्थेतली एक बाब मात्र वापरणाऱ्याची दिशाभूल करते. मोहोर जुळली नाही तर राउटर ‘पासवर्ड चुकला’ असे सांगत नाही. तो नुसता गप्प राहतो. उत्तर न आल्यामुळे टॅब्लेट तर्क करतो, की पासवर्ड चुकला असावा. अँड्रॉइडच्या अंतर्गत नोंदीत हे वाक्य ‘असण्याची शक्यता’ अशा सावध शब्दांत लिहिलेले असते, परंतु पडद्यापर्यंत येताना ती शक्यता गळते आणि ठाम आरोप तेवढा उरतो. म्हणून लांबच्या खोलीत, कमकुवत रेंजमध्ये, निरोप वाटेत हरवल्यामुळेही पासवर्ड चुकल्याचा संदेश येऊ शकतो. अशा वेळी पासवर्ड दहादा टंकण्यापेक्षा टॅब्लेट उचलून राउटरपाशी नेणे आणि तिथे एकदा प्रयत्न करणे अधिक फलदायी ठरते. खरोखरच अक्षरांची चूक असेल तर ती बहुधा शून्य आणि ‘ओ’, किंवा टॅब्लेटच्या कीबोर्डने आपणहून मोठे केलेले पहिले अक्षर यांपैकी एखादी असते.

तिसरी घटना पत्ता मिळण्याची. ओळख पटल्यावर टॅब्लेट आत आलेला असतो, पण त्याला अजून घर क्रमांक नसतो. तो क्रमांक म्हणजे आयपी पत्ता, आणि तो वाटण्याचे काम राउटरमधली डीएचसीपी नावाची व्यवस्था करते. बहुतेक घरांत हे पत्ते १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतात आणि ठरावीक मुदतीच्या बोलीवर दिले जातात. पडद्यावर ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ असे काहीसे दिसून यंत्र तिथेच अडकले, तर पासवर्डाचा संबंध संपलेला आहे असे खुशाल समजावे. या टप्प्यावरचा नेहमीचा घोटाळा असा, की आतल्या खोलीसाठी जुना राउटर दुसरा म्हणून जोडलेला असतो आणि त्यातलीही पत्ते वाटण्याची व्यवस्था चालूच राहिलेली असते. मग एकाच सोसायटीत दोन चिटणीस दोन वेगळ्या वह्यांतून घर क्रमांक वाटू लागतात आणि तोच क्रमांक दोघांना मिळतो. दुसऱ्या राउटरमधले डीएचसीपी बंद केले की तंटा मिटतो.

चौथी घटना बाहेरचा रस्ता उघडा असल्याची खात्री. पत्ता मिळताच टॅब्लेट आपल्या उत्पादकाने ठरवून दिलेल्या एका ठिकाणी छोटीशी विचारणा पाठवतो आणि अपेक्षित उत्तर आले तरच नेट आहे असे मानतो; उत्तर न आल्यास वायफायच्या चिन्हावर उद्गारचिन्ह उमटते. उत्तराऐवजी भलतेच पान आले तर टॅब्लेट समजतो, की मध्ये एक नाका आहे. जानेवारी २०१६ मध्ये रेलटेल आणि गूगल यांची मोफत सेवा सर्वप्रथम मुंबई सेंट्रल स्थानकावर सुरू झाली, तेव्हा मोबाइल क्रमांक आणि ओटीपी मागणारे असे पान अनेक प्रवाशांच्या परिचयाचे झाले. घरी ते सहसा दिसत नाही, पण बिल थकल्यावर काही पुरवठादार त्याच युक्तीने ग्राहकाला आपल्या पानावर वळवतात.

याच टप्प्यावर सर्वांत चकवणारा दोष वस्तीला असतो. महिनोन्महिने कपाटात पडून राहिलेल्या आणि बॅटरी पूर्ण उतरलेल्या टॅब्लेटचे घड्याळ चार्जिंगला लावल्यावर कित्येक वर्षे मागची तारीख दाखवू शकते. सुरक्षित संकेतस्थळे आपली ओळख मुदतीच्या प्रमाणपत्राने पटवतात, आणि टॅब्लेटच्या दृष्टीने ती मुदत अजून सुरूच झालेली नसल्यामुळे तो एकामागून एक प्रत्येक स्थळ संशयास्पद ठरवतो. वायफाय व्यवस्थित, फायबर व्यवस्थित, आणि तरी काही उघडत नाही. तारीख हाताने दुरुस्त केली की सारे सुरळीत होते.

राउटर बदलण्याच्या वेळी नाव आणि पासवर्ड यांच्या एकत्र दळणाचा उपयोग होतो. नव्या राउटरला जुन्याचेच नाव आणि जुनाच पासवर्ड अक्षरशः जसाच्या तसा दिला, तर किल्लीही तीच निघते आणि ते नेटवर्क साठवून ठेवलेली घरातली सारी यंत्रे कोणी हात न लावता जोडली जातात. नावात एका जागी मोकळी जागा जास्त पडली तरी किल्ली वेगळी होते आणि नावे दिसायला एक असूनही टॅब्लेटला नवे घर परके वाटते. एक अपवाद राहतो. २०१८ मध्ये आलेली डब्ल्यूपीए-३ ही पद्धत जुन्या टॅब्लेटांना समजत नाही, अँड्रॉइडमध्ये तर ती २०१९ च्या दहाव्या आवृत्तीपासून आली. नवा राउटर केवळ याच पद्धतीवर लावलेला असेल तर नाव यादीत दिसते, पासवर्ड बरोबर असतो, आणि जोडणी काही होत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए-२ आणि डब्ल्यूपीए-३ एकत्र चालू ठेवण्याचा पर्याय बहुधा दिलेला असतो. तो निवडला की तोच टॅब्लेट तोच पासवर्ड घेऊन आत येतो.